म्हातारपण कोणाच्या हवाली?

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. गावालगत तिरुप्पालैतुरै येथील शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. सतराव्या शतकात, नायक राजांच्या अमदानीत ते बांधले गेले. सुमारे तीन हजार कलम भात त्यात मावत असे, असे सांगतात. कोठार कोणाच्या राजवटीत बांधले गेले याची नोंद इतिहासाने ठेवली आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी भरले, त्यांचे हातपाय थकल्यावर काय झाले, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

कावेरीच्या खोऱ्यातील हा प्रश्न आजही जिवंत आहे. आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे चिखलात वाकून भातलावणी केलेली बाई साठीला पोचते, तेव्हा तिच्याजवळ कंबरदुखी, अधू दृष्टी आणि रेशनकार्ड याखेरीज फारसे काही उरलेले नसते. जमीन तिची नव्हती. भविष्यनिर्वाह निधी तिच्यासाठी नव्हता. मुले कामाच्या शोधात तिरुप्पूरच्या होजिअरी कारखान्यांत किंवा चेन्नईच्या बांधकामांवर गेली. अशा माणसाचे आरोग्य सुधारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच राजकारणाचाही आहे.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होत्या. तामिळनाडूत हे प्रमाण १०.४ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. सरकारी तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे तामिळनाडूचे प्रमाण २०२१ मध्ये १३.६ टक्क्यांवर गेले व २०३१ मध्ये ते १८ टक्क्यांच्या पुढे जाईल. तामिळनाडू आज ज्या वळणावर उभा आहे, त्या वळणावर महाराष्ट्रही लवकरच येणार आहे. म्हणूनच पापनाशमसारख्या तालुक्यात काय साधले आणि काय राहिले, याचा विचार मराठी कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

मालकाची जबाबदारी गेली, समाजाची आली नाही

जुन्या तंजावर जिल्ह्यात जमिनीची मालकी मिरासदारांकडे व मठ-मंदिरांकडे होती. शेतात राबणारे पन्नैयाळ, म्हणजे सालोसाल एकाच मालकाकडे बांधलेले मजूर, बहुसंख्येने दलित होते. एकटा पुरुषच नव्हे, तर त्याची बायको आणि मुलेही मालकाच्या हुकमतीखाली असत. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा तेथे रूढ होत्या. मूळचे कन्नडभाषक असलेले कॉम्रेड बी. श्रीनिवासराव १९४३ च्या सुमारास तंजावरात आले, आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली मजुरांनी या शिक्षांविरुद्ध मान वर केली. चळवळीचा जोर मुख्यतः जिल्ह्याच्या पूर्व भागात होता. परंतु तिच्या रेट्याने साऱ्या खोऱ्यातील संबंध बदलले. १९५२ साली तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण कायदा आला. २५ डिसेंबर १९६८ रोजी किळवेणमणी येथे मजुरीवाढ मागणाऱ्यांच्या वस्तीवर जमीनदारांनी हल्ला केला आणि एका झोपडीत आश्रयाला शिरलेली ४४ माणसे जाळून मारली. त्यांत बायका, मुले आणि पळून जाऊ न शकलेले वृद्ध होते. त्यानंतर १९६९ मध्ये पूर्व तंजावरसाठी न्याय्य मजुरीचा कायदा, आणि १९७१ मध्ये मजुरांना राहत्या घराच्या जागेची मालकी देणारा कायदा झाला.

हे सर्व रक्त सांडून मिळविलेले विजय आहेत. परंतु त्यांच्या पोटात एक नवा प्रश्न दडलेला होता. पन्नैयाळला संरक्षण देणारा कायदा होताच अनेक जमीनदारांनी बांधील माणूस ठेवण्याऐवजी रोजंदारीवर माणसे लावण्याची वाट धरली. जुन्या गुलामगिरीत मालक थकलेल्या मजुराला खळ्यावरचे चार पायली भात टाकत असे, सणाला एखादे लुगडे देत असे. ही कृपा नव्हती. पिढीजात राबवून घेण्याची ती अतिशय स्वस्त किंमत होती. रोजंदारी आली आणि तेवढीही बांधीलकी संपली. ज्या दिवशी काम त्या दिवशी मजुरी, हा भांडवली व्यवहार. ज्याच्या अंगात काम उरले नाही, त्याचा या व्यवहाराशी संबंधच उरला नाही.

पुढे लावणीची आणि कापणीची यंत्रे आली. कापणीयंत्राने काही तासांत जे काम उरकते, ते पूर्वी अनेक माणसांना अनेक दिवस पुरत असे. अशा वेळी सर्वांत आधी कामावरून कोण कमी होते? साठीकडे झुकलेली बाई आणि सत्तरीकडे झुकलेला पुरुष. सरंजामी पाश तुटला ही प्रगतीच आहे. मात्र मालकावरून निघालेली जबाबदारी समाजाने, म्हणजे शासनाने, पुरतेपणी उचलली नाही. वृद्धांच्या कल्याणाच्या साऱ्या योजनांची कसोटी याच एका मुद्द्यावर लागते.

छत्रापासून पेन्शनपर्यंत

तंजावरशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. व्यंकोजी भोसल्यांच्या घराण्याने १८५५ पर्यंत येथे गादी चालविली. या राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर ओरत्तनाडू, निडामंगलम अशा ठिकाणी छत्रे बांधली. दुसऱ्या सरफोजीने १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे वर्णन आले आहे. जातिभेद न करता सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे, आजाऱ्याला बरे होईपर्यंत औषधपाणी मिळे, अनाथांना सांभाळले जाई, असा त्याचा आशय आहे. कंपनीने राज्याचा कारभार हाती घेतल्यावर छत्रांचे उत्पन्न तरी हिरावून घेऊ नये, म्हणून राजा ही विनवणी करीत होता.

त्या काळाच्या मानाने छत्राची व्यवस्था उदार होती, हे मान्य केले पाहिजे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. छत्रात जेवणारा याचक असतो, आणि दात्याची इच्छा किंवा दात्याची सत्ता संपली की पंगतही संपते. शिवाय छत्राच्या खर्चासाठी लावून दिलेल्या गावांत राबणारा मजूरच अखेर त्या पंगतीचे भात पिकवीत होता. त्याचेच दान त्यालाच पुण्य म्हणून परत मिळत होते.

याचनेकडून हक्काकडे जाण्याचा प्रवास विसाव्या शतकात सुरू झाला. तत्कालीन मद्रास राज्याने १९६२ मध्ये निराधार वृद्धांसाठी महिना २० रुपयांचे पेन्शन सुरू केले. १९८१ मध्ये निराधार शेतमजुरांसाठी स्वतंत्र पेन्शन योजना आली. १९८३ पासून पेन्शनधारक वृद्धांना शाळांच्या पोषण-आहार केंद्रांतून दुपारचे जेवण मिळू लागले. २०११ पासून कार्डधारकांना रेशनवर तांदूळ फुकट मिळतो, आणि तामिळनाडूने रेशनव्यवस्था सार्वत्रिक ठेवली आहे. पेन्शनची रक्कम २०२३ मध्ये हजारावरून बाराशे रुपये झाली.

या रकमेची थट्टा करणे सोपे आहे. बाराशे रुपये म्हणजे दिवसाला चाळीस रुपये. तरीही ज्या घरात म्हातारीच्या नावाने दरमहा पैसे येतात, त्या घरातील तिचे स्थान बदलते. ती सुनेजवळ औषधासाठी हात पसरत नाही. नातवाला वही घेऊन देते. आत्मसन्मान हाही आरोग्याचाच भाग आहे, आणि तो गोळीने मिळत नाही.

हा आधार जेथे नसतो तेथे काय घडते, याचे भयानक उदाहरण त्याच राज्याच्या दक्षिणेकडील विरुधुनगर–मदुरै भागात आढळते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला पहाटे तेल चोपडून थंड पाण्याने न्हाऊ घालावयाचे, वर शहाळ्याचे पाणी पाजावयाचे आणि त्याला मरणाकडे ढकलावयाचे, या प्रकाराला तेथे ‘तलैक्कूत्तल’ म्हणतात. २०१० साली हा प्रकार वृत्तपत्रांतून चव्हाट्यावर आला. सुशिक्षित मंडळींनी त्यावर ‘खेड्यातील क्रौर्य’ असा शेरा मारला. क्रौर्य आहे, यात शंका नाही. पण ज्या घरात रोज काम केल्याविना चूल पेटत नाही, तेथे अंथरुणावरच्या माणसाजवळ बसावयास एक कमावता माणूस घरी ठेवावा लागतो. ते घराला परवडत नाही, आणि मदतीला दुसरे कोणी येत नाही. या क्रौर्याची मुळे केवळ मनात नाहीत, तर घराच्या हिशेबात आहेत. पोलिसांच्या बंदोबस्ताने नव्हे, तर घरी येणाऱ्या परिचारिकेने आणि पुरेशा पेन्शननेच हा हिशेब बदलू शकतो.

दारात आलेले औषध

उतारवयातील बहुतेक आजार एकदा औषध घेऊन बरे होणारे नसतात. रक्तदाब आणि मधुमेह यांची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. रक्तदाबाचा रोगी बहुधा दुखण्याची तक्रार करीत नाही. म्हणूनच तो गोळ्या मध्येच सोडतो. मग एके दिवशी पक्षाघाताचा झटका येतो आणि चालता-बोलता माणूस परस्वाधीन होतो. शेतमजुराच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तालुक्याच्या इस्पितळात गोळ्या फुकट मिळतात हे खरे. पण त्या आणण्यासाठी एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गमवावी लागते. फुकट औषधाची ही खरी किंमत आहे. ज्याला चालवत नाही, त्याला तर सोबतीच्या माणसाची मजुरीही मोजावी लागते.

तामिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपळ्ळी येथून ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ ही योजना सुरू केली. नावाचा अर्थ, लोकांना शोधत येणारे वैद्यक. गावातीलच स्त्री स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब व साखर तपासते, ठरलेल्या गोळ्या घरपोच देते; अंथरुणाला खिळलेल्यांकडे वेदनाशामक शुश्रूषा करणारी परिचारिका आणि व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट जातात. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या असंसर्गजन्य रोगांविषयीच्या आंतरसंस्था कार्यदलाने या योजनेला पुरस्कार दिला.

ही योजना आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे अनेक दशकांची सार्वजनिक बांधणी आहे. राज्याने १९९४ मध्ये सार्वजनिक औषधखरेदी महामंडळ स्थापन करून सरकारी दवाखान्यांत औषधांचा पुरवठा अखंड राखला. प्राथमिक आरोग्यकेंद्रांचे जाळे विणले. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात १९७८ मध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी देशातील पहिला वृद्धरोग विभाग उभा केला. दारापर्यंत गोळी पोचते ती शेवटच्या एका पावलाने. त्याआधीची सारी वाट सार्वजनिक पैशाने बांधलेली असावी लागते. ज्या राज्यांत आरोग्यकेंद्राला कुलूप आणि औषधाच्या कपाटात धूळ, तेथे केवळ योजनेचे नाव उसने घेऊन काही साधणार नाही.

मात्र योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरोघर फिरणाऱ्या या स्त्रियांना सरकार कामगार मानत नाही. त्या ‘स्वयंसेविका’ आहेत आणि त्यांना मिळते ते ‘मानधन’. आशा व अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात जे चालते, तेच येथेही. आज साठीच्या बाईला गोळ्या देणारी चाळिशीची बाई स्वतः साठीला पोचेल तेव्हा तिच्याजवळ भविष्यनिर्वाह निधी नसेल. वृद्धांची सेवा करणाऱ्यांनाच निराधार वार्धक्याकडे लोटणारी योजना स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत आहे.

थोड्या खर्चाचे मोठे काम

वृद्धांचे जीवन सुसह्य करण्यासाठी महागड्या यंत्रांचीच गरज असते, हा समज खाजगी इस्पितळांनी पसरविला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही अल्प खर्चात माणसाला पुन्हा उभे करणारी गोष्ट आहे. मदुरैला डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हे लाखो रुग्णांवर सिद्ध केले. १९९२ पासून तेथेच डोळ्यांत बसवावयाची भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा मिळाला तरी म्हातारी तांदूळ निवडू शकते, सुईत दोरा ओवू शकते, गोळीच्या पाकिटावरची खूण ओळखू शकते.

पडणे हा दुसरा मोठा शत्रू आहे. अपघाती इजांनी जगभर होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक दुसरा लागतो, आणि त्यांत वृद्धांचा भरणा मोठा असतो. खुब्याचे हाड मोडलेली गरीब म्हातारी बहुधा पुन्हा चालू लागत नाही. त्यावर उपाय कोणते? अंगणात दिवा, न्हाणीघरात धरावयास दांडी, घराजवळ शौचालय, आणि पायांत बळ व तोल राखणारे रोजचे साधे व्यायाम. अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण कमी होते, हे शास्त्रीय चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये वृद्धांच्या एकात्मिक शुश्रूषेविषयी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांतही चालणे, पाहणे, ऐकणे, स्मरण, पोषण आणि मनाची उभारी या क्षमता टिकविण्यावरच भर आहे.

आहाराचेही तेच. रेशनच्या तांदळाने पोट भरते. पण नुसत्या भातावर स्नायू टिकत नाहीत. डाळ, अंडे, भाजी ताटात आली पाहिजे. पोषण-आहार केंद्रातील वृद्धांची पंगत या दृष्टीने मोलाची आहे. तेथे जेवण मिळते आणि सोबतही मिळते. मुले परगावी गेलेल्या घरात दिवसभर एकटे बसलेले माणूस जेवणावरची वासनाच गमावते. चार समवयस्कांत बसून जेवणे हाही उपचारच होय. परंतु पूर्वीच्या पन्नैयाळ वस्तीतील म्हाताऱ्यांना या पंगतीत सन्मानाने जागा मिळाली पाहिजे, याकडे संघटनेने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. जातीची रेषा वयाबरोबर पुसट होत नाही.

शुश्रूषेच्या बाबतीत शेजारच्या केरळचा अनुभव उद्बोधक आहे. कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमनाचे काम सुरू झाले. मलप्पुरम जिल्ह्यात सामान्य लोकांनी वॉर्डावॉर्डांत गट बांधून अंथरुणावरच्या रुग्णांची जबाबदारी वाटून घेतली. आणि २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले. त्यामुळे पंचायतींच्या मार्फत परिचारिका घरी जाऊ लागल्या. लोकांची संघटना आणि शासनाचा पैसा ही दोन चाके एकत्र आली म्हणूनच हा गाडा चालला.

श्रावणबाळाची कावड

याउलट केंद्र सरकारची वागणूक पाहावी. वृद्धांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १९९५ मध्ये ७५ रुपयांनी सुरू झाली. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी केंद्राचा वाटा आज दरमहा २०० रुपये आहे, आणि २००७ पासून त्यात एका पैशाची वाढ झालेली नाही. ऐंशीनंतर हा वाटा ५०० रुपये होतो. दोनशे रुपये म्हणजे दिवसाला सात रुपयेही नाहीत! या दीर्घ काळात डाळीचा, तेलाचा, एसटीचा भाव काय झाला, हे सांगण्याची गरज नाही. या योजनेचे लाभार्थीही सव्वादोन कोटींच्या आसपासच आहेत.

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, आणि ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ पासून त्यांची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. पण श्रावणबाळचा लाभ मिळावयाचा तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिना १,७५० रुपये. मुलगा महिन्यातून आठ दिवस ऊसतोडीला गेला तरी बाप अपात्र! मग तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, मध्यस्थाची दक्षिणा आणि हयातीच्या दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या. आयुष्यभर विळा-खुरपे धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या माणसाला यंत्र ‘ओळखत’ नाही. ज्या खुणेने त्याचे कष्ट सिद्ध होतात, त्याच खुणेने त्याचा हक्क नाकारला जातो.

योजनेचे नावही बोलके आहे. श्रावणबाळाने आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून खांद्यावर वाहिले. शासनाने त्याचे नाव घेतले, पण कावड मात्र मुलाच्याच खांद्यावर ठेवली. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याचा रोखही मुलांकडेच आहे. ज्या मुलाजवळ इस्टेट आहे त्याला कायद्याने वळण लावणे योग्यच. पण भूमिहीनाचा मुलगाही भूमिहीनच असतो. त्याच्याविरुद्ध न्यायाधिकरणात दावा लावून म्हातारीला मिळणार काय? घराघरात भांडण लावून शासन स्वतः हात झटकून मोकळे होते. आणि घरातील शुश्रूषेचा सारा भार पडतो तो मुलावर नव्हे, तर सुनेवर आणि लेकीवर. तिची बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

संघटित कामगारांची स्थितीही चिंताजनक आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे. साखर कारखान्यात, गिरणीत, एसटीत हयात घालविलेले कामगार या हजारावर जगतात. रोजगार हमीवर साठी उलटलेली अनेक माणसे कुदळ धरून उभी असतात, त्याचे कारणही पेन्शनचा तुटपुंजेपणाच. आता त्या हमीच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. त्यात बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला आहे आणि ऐन शेतीहंगामात साठ दिवसांपर्यंत काम थांबविण्याची मुभा आहे. शेतमालक ज्यांना हंगामातही बोलावीत नाहीत, त्या वृद्धांनी ते साठ दिवस काय खावयाचे?

‘पैसा कोठून आणावयाचा?’ हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांसाठी पेन्शन सुरू केले आणि आज तेथे सामाजिक सुरक्षा पेन्शन दोन हजार रुपये आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ते चार हजारांवर नेले. दोन्ही राज्यांची अर्थव्यवस्था महाराष्ट्रापेक्षा मोठी नाही. पैसा नाही असे नव्हे. तो कोणासाठी काढावयाचा याचा निर्णय वर्गीय असतो. कंपन्यांच्या करात सवलत देताना जी तिजोरी भरलेली असते, ती म्हातारीच्या पेन्शनच्या दिवशीच रिकामी होते.

संघटनेपुढील काम

महाराष्ट्राच्या श्रमिक चळवळीजवळ याविषयीची स्वतःची शिदोरी आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित हमालाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळवून दिले. अनेक मालकांकडे विखुरलेल्या कामाचाही सामाईक निधी उभारता येतो, हे या कायद्याने देशाला दाखविले. हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव आयुष्याच्या नव्वदीतही सार्वत्रिक पेन्शनची मागणी घेऊन उभे होते. २०२५ च्या डिसेंबरात ते गेले. पेन्शन परिषदेने २०१२ पासून दिल्लीत हीच मागणी लावून धरली आहे: किमान वेतनाच्या निम्म्याइतके, महागाईशी जोडलेले, सर्वांना लागू असे पेन्शन.

शेतमजूर संघटनांनी या मागणीला केवळ ठरावाच्या शेवटच्या कलमात जागा देऊन भागणार नाही. मजुरीच्या लढ्यात जो उभा राहतो तो सभासद, आणि कामावरून उतरला की तो यादीतून गळाला, ही रीत मालकाच्या हिशेबाची आहे, संघटनेच्या नव्हे. पापनाशम असो वा परभणी, प्रत्येक गावशाखेने साठीवरील शेतमजुरांची नोंद करावी: पेन्शन कोणाला मिळते, कोणाचा अर्ज पडून आहे, कोणाचे बोट यंत्रात उमटत नाही, कोणाला मोतीबिंदू आहे, कोण अंथरुणावर आहे. ही यादी हाती असली म्हणजे तहसिलीवरील मोर्चाला दात येतात. प्राथमिक आरोग्यकेंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची तपासणी झालीच पाहिजे. २०१०-११ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात तिची तरतूद आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. उत्पन्नमर्यादेची अट रद्द करण्याची, केंद्राचा वाटा वाढविण्याची, औषध घरपोच देण्याची आणि ते देणाऱ्या स्त्रियांना कामगाराचा दर्जा देण्याची मागणी एकाच फलकावर लिहिली पाहिजे. कारण यांतली एक सुटली की बाकीच्या लंगड्या पडतात. पेन्शनविना गोळी पोटात जात नाही, जेवणाविना ती सोसत नाही, आणि घरी येणारी ताई नसेल तर ती हातीच पडत नाही.

चाबकाविरुद्ध तंजावरचा मजूर उठला, तेव्हा त्याने एवढेच म्हटले होते की आपण माणूस आहोत. त्या लढ्यात तरुण असलेली पिढी बहुतांशी काळाआड गेली. तिच्या लेकीसुना आज साठी-सत्तरीला आल्या आहेत. राबण्याची शक्ती संपल्यावरही माणूस माणूसच राहतो, हे समाजाकडून मान्य करून घेणे हा त्याच लढ्याचा उरलेला भाग आहे. कोठार ज्यांनी भरले, त्यांचा त्यातील वाटा हा धर्मादाय नव्हे. ते त्यांचे थकलेले देणे आहे आणि ते व्याजासह वसूल करणे हे संघटित श्रमिकांचे काम आहे.